फोनवरची वैशी

हे तुम्ही खरं मानणार नाही, लावा पैज. माझं वय सत्तर, तोंडात दात सात, आणि गेल्या हिवाळ्यात मी अडीच वर्षांची पोरगी होतो. रोज नाही, आठवड्यातून दोनदा, तिन्हीसांजेला, फोनवर.

मी त्रिंबक. वडवणीच्या बाजारात नुसतं त्रिंबक विचारलंत तर कुणी दाखवणार नाही; थापाड्या त्रिंबक म्हणा, पोरं बोट धरून घरापर्यंत आणतील. एका उन्हाळ्यात आमच्या विहिरीचं पाणी इतकं खोल गेलं, की सोमवारी सोडलेला पोहरा गुरुवारी वर आला आणि त्यातला बेडूक कानडी बोलत होता. मी हे घरासमोरच्या लिंबाखाली सांगितलं की माझा जोडीदार भागवत मांडीवर हात आपटून ओरडतो, "थाप! थाप हाय बे ही!" मग बाकीचे म्हातारेही मांड्या बडवतात. पन्नास वर्षं हेच चालू आहे. भागवतची एक मांडी दुसरीपेक्षा बारीक आहे ती त्यामुळेच.

दिवाळी झाली की आमचं गाव रिकामं होतं. ऊस तोडायला नेणारे ट्रक फाट्यावर लागतात आणि हातपाय धड असलेलं प्रत्येक माणूस त्यात चढतं. मागं उरतो आम्ही, थोडी लेकरं आणि कुत्री. माझा मुलगा रामेश्वर आणि सून वनमाला दर वर्षी जातात. त्यांची पोरगी वैष्णवी, आमची वैशी, आदल्या हंगामात त्यांच्याबरोबरच होती. या वेळी मात्र तिला माझ्यापाशी ठेवायचं ठरलं.

निघायच्या दिवशी वनमाला तिला म्हणाली, "बाजारातून शेव घिऊन येते. हितंच बस हं."

आमच्या घरात खोटं बोलायचं खातं माझ्याकडं आहे. पण त्या दिवशी मी मान खाली घातली. पोरगी उंबऱ्यावर बसली. अंधार पडला तरी उठली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच. रडली मात्र नाही. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं.

वैशी बोलतच नव्हती. बाबा नाही, आई नाही, पाणीसुद्धा नाही. तहान लागली की रिकामा पेला माझ्या गुडघ्यावर ठेवायची. अंगणवाडीच्या बाई, वर्षाराणी, यांनी तिचं वजन केलं, दंडाला ती रंगांची पट्टी गुंडाळली. पट्टी पिवळ्यावर थांबली, म्हणजे लेकरू अशक्त. मग त्यांनी पोरीच्या पाठीमागं ताट वाजवलं. वैशी झटकन वळली.

"कान चांगले हायत, आबा," बाई म्हणाल्या. "लेकरू ऐकून बोलायला शिकतं. उसाच्या फडात हिच्याशी कोण बोललं?"

खरंच, कोण बोललं असेल? पहाटे अंधारातच आईबाप उसात शिरायचे आणि ही बांधावर पाचटाच्या ढिगापाशी एकटी. शेजारच्या फडात बिबट्या दिसला होता. म्हणून वनमाला तिला बसवून जाताना एकच शब्द सांगायची: गप. गप, न्हाईतर बिबट्या येईल. पोरगी इतकी शहाणी, की तिनं तो शब्द पूर्ण शिकून घेतला. आमच्याकडंही वाऱ्यानं लिंब सळसळला की ती स्वतःच्या ओठांवर बोट ठेवायची, आणि मग माझ्याही.

"मग आता काय करायचं, बाई?"

"बोलायचं. दिवसभर बोलायचं तिच्याशी. गावात तुमच्याइतकं बोलणारं दुसरं हाय कोण?"

आयुष्यात पहिल्यांदा मला सरकारी काम मिळालं.

मी लागलो कामाला. टँकरच्या रांगेत घागर ठेवली की वैशीला खांद्यावर घेऊन बोलायचो. भाकर थापताना बोलायचो. तिच्यासाठी मी एक बिबट्या घडवला. त्या बिबट्याला ऊस खायची चटक लागली, ऊस खाऊन दाढ किडली, आणि तो गाल बांधून एसटीनं वडवणीला डॉक्टरकडं गेला. कंडक्टरनं अर्धं तिकीट मागितलं तर म्हणाला, मी बारका आहे, मला फुकट. वैशी डोळे मोठे करून ऐकायची. लिंबाखाली नेलं की भागवत मांडी बडवून "थाप!" म्हणायचा, आणि ती माझ्या मांडीवर बसून आपल्या इवल्या हातानं आपलीच मांडी बडवायची. आवाज नाही. नुसता हात.

सोमवारी आणि शुक्रवारी, उसाची गाडी भरून झाली की वनमालाचा फोन यायचा.

"मामा, वैशी बोलती का?"

"बोलती का म्हंजे? गप बस म्हणावं लागतंय!"

"मग द्या की तिच्याकडं."

मी फोन पोरीच्या कानाला लावला. आईचा आवाज ऐकून तिनं फोन उलटा करून मागं पाहिलं, आई तिथं लपली आहे का म्हणून. मग ओठांवर बोट ठेवलं.

"वैशे, आई म्हण की गं. बाळा, आई म्हण." तीनदा म्हणाली. चौथ्यांदा तिचा आवाज ओला झाला. "कावून बोलत न्हाई गं? माझ्यावर रुसलीस व्हय?"

काय करणार होतो मी? तोंड बाजूला केलं, नाक दोन बोटांत दाबलं आणि बारीक आवाजात म्हणालो, "आई."

 तिकडं वनमालानं नवऱ्याला हाक मारली, "अवं, ऐकलं का! आई म्हणली!"

थापेचं एक असतं, ती एकटी राहत नाही. तिला भावंडं लागतात. पुढच्या शुक्रवारी मी दोन शब्द बोललो. मग चिऊचा घास मागितला, एक-दोन-तीन म्हटलं, चुकून चारनंतर सहा म्हटलं, म्हणजे खरं वाटावं. रामेश्वर टोळीतल्या सगळ्यांना फोन ऐकवायचा म्हणे. आणि एकदा, कुठून सुचलं देव जाणे, मी पोरीच्या आवाजात म्हणालो, "आई, शेव आण."

 फोन चालू होता. मागं बैलांच्या घंटा वाजत होत्या.

त्या रात्रीपासून माझी भूक गेली. फोनवरची वैशी भराभर मोठी होत होती आणि खरी वैशी माझ्यासमोर ओठांवर बोट ठेवून बसली होती. दोघींची गाठ घालायची तर आईबाप यायच्या आत खरीनं निदान एक शब्द बोलायला हवा होता. मी हातापाया पडलो तिच्या. "आई म्हण गं. फक्त आई. तुझ्या आज्याची लाज राख." भागवतलाही सांगितलं, तो बिचारा लिंबाखाली बसून "आई, आई" म्हणायचा. सत्तरीतला माणूस! जाणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. पोरगी खिचडी खायची, पट्टी हिरव्याला टेकली, पण तोंड उघडलं नाही.

पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, आणि माणसं परत यायला लागली. रामेश्वर आणि वनमाला दुपारी फाट्यावर उतरून चालत आले. पुढच्या दिवाळीला पुन्हा दोघांनी तोडीला जायचं मुकादमाशी ठरवूनच आलो, हे रामेश्वरनं मला पाय धुता धुताच सांगितलं. वनमालानं पाणीही घेतलं नाही. सरळ लिंबाखाली आली. भागवत तिथंच होता. वैशी माझ्या धोतरामागं गेली.

वनमाला उकिडवी बसली. हात काळे पडलेले, बोटांना चिंध्या बांधलेल्या. पिशवीतून शेवेचा पुडा काढला. "घे. तू सांगितलीस ना."

पोरीनं पुड्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. ही बाई कोण, असं तिच्या डोळ्यात होतं. ते मी वाचलं आणि वनमालानंही वाचलं.

रामेश्वर हसत म्हणाला, "अगं आई म्हण की! फोनवर तर लई बोलायचीस!"

माझा हात आपोआप नाकाकडं गेला. सवय, दुसरं काय.

"ऱ्हाऊ द्या, मामा," वनमाला खाली बघूनच म्हणाली. "नाक सोडा."

मी सोडलं.

"कधीपासून कळलं?"

"पहिल्या दिसापासून. एवढंसं लेकरू आई म्हणल्यावर तंबाखू थुकतंय व्हय?"

भागवत हसायला गेला आणि मध्येच थांबला. रामेश्वरचं तोंड उघडंच राहिलं.

"मग बोलली का न्हाईस, पोरी?"

"काय बोलू? तेवढं ऐकलं की मोळी उचलत होती, मामा. खोटं का असंना. दुसरं व्हतं काय तिथं."

  वनमालानं पोरीला ओढून मांडीवर घेतलं. वैशीनं अंग ताठ केलं, पण सुटायचा प्रयत्न केला नाही. वनमालानं तिच्या केसांत तोंड खुपसलं, मग तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"आता मी कुठं जाणार न्हाई," ती म्हणाली. "तुला सोडून कुठंच जाणार न्हाई बघ. कधीच न्हाई."

रामेश्वर रस्त्याकडं बघायला लागला. भागवतचा हात मांडीवर होता, पण त्यानं तो उचलला नाही.

वैशी आईच्या तोंडाकडं बघत राहिली. नीट, खूप वेळ. मग तिनं इवला हात वर केला, मांडीवर आपटला आणि म्हणाली,

"थाप."