भाऊ भुताच्या भूमिकेत

चित्रपट कंपनीच्या मालकांच्या आधीच्या भुताच्या चित्रपटावर कुणा समीक्षकानं लिहिलं, की यातलं भूत हे भूत नसून व्यसनाचं रूपक आहे. मालकांना फार बरं वाटलं. ते भूत त्यांनी चार दिवसांत आणि दोन चादरींत उरकलं होतं. त्याला अर्थही आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. कात्रण त्यांनी पाकिटात ठेवलं आणि पुढच्या चित्रपटात रूपक आधीपासूनच घालायचं ठरवलं. खर्च तेवढाच, मान जास्त.

गोष्ट एका दुपारीत लिहून झाली. एका घराच्या न्हाणीघरात काहीतरी येऊन राहतं. ते रोज एक वस्तू मागतं. घरचे देतात, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळू नये म्हणून उरलेलं घर नीटनेटकं ठेवतात. शेवटी ते माणूस मागतं.

घर ताईचं घेतलं, कारण ते फुकट होतं. ताई अकरा वर्षं मालकांकडे कंटिन्युटी बघत होती. चित्रपट काही ओळीनं काढत नाहीत. आज शेवट, उद्या मधलं, असा कारभार. सोमवारी दारातून आत शिरलेला माणूस गुरुवारी खोलीत पोचतो, तेव्हा त्याच्या शर्टाचं तेच बटण उघडं हवं. म्हणून ताई प्रत्येक शॉटचा फोटो काढायची आणि वहीत टिपून ठेवायची: ग्लासात पाणी किती, पडदा कुठवर, घड्याळात वाजले किती. तिच्या नजरेतून टाचणी सुटत नसे.

भुताचं काम तिच्या धाकट्या भावाकडे आलं. त्याला सगळे बारक्या म्हणत. तोही फुकट होता, शिवाय घरातच होता. वर्ष-दीड वर्षात तो असा वाळला होता, की रंगभूषेची पेटी उघडावीच लागली नाही. मालक त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवायचे आणि म्हणायचे, काय चेहरा दिलाय देवानं. कॅमेरावाल्याचं मत पडलं, की पोरगा भूमिकेत पार शिरलाय, हात कसे थरथरतात बघा. ताई हसली. तिला या हसण्याची सवय झाली होती. कुणी विचारलं तर ती सांगायची, पोटाचं आहे त्याला. कधी पोटाचं, कधी झोपेचं.

खिडक्यांना काळा कागद चिकटवून भर दुपारी रात्र केली आणि काम सुरू झालं.

चौथ्या दिवशी भिंतीवरचं घड्याळ गेलं. फोटोत होतं, भिंतीवर नव्हतं. तिथे एक खिळा आणि भोवती फिकट गोल. ताईनं खिळ्याकडे पाहिलं. मग बारक्याच्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं. मग ती बाजारात गेली, तसंच घड्याळ आणलं, काटे चार वाजून दहा मिनिटांवर लावले आणि मालक जेवून परतायच्या आत टांगून टाकलं. वहीत लिहिलं: घड्याळ दुसरं, दिसायला तेच. सहाव्या दिवशी इस्त्री गेली, तिनं इस्त्री आणली. सातव्या दिवशी बाबांच्या फोटोची चांदीची चौकट गेली. फोटो तेवढा काढून उशीखाली सपाट ठेवला होता. बारक्या मुळात मायाळू. तिनं पत्र्याची चौकट आणून बसवली. शॉट जुळले. ताई आहे तोवर मला घोर नाही, असं मालक चारचौघांत म्हणाले. कंटिन्युटीचं उत्तम काम ते, की जे झालंय हे कुणाला कळतच नाही.

आठव्या दिवशी आईचं कानाचं मशीन गेलं.

आई चित्रपटात आईच होती. बोलायचं काही नव्हतं, नुसतं बसायचं होतं. मालक इकडे बघा म्हणाले तरी ती तिकडेच बघत राहिली. मालकांना ते फारच आवडलं. ताईनं तिला आत नेलं आणि कानाशी तोंड नेऊन विचारलं, मशीन कुठंय. पडलं असेल, आई म्हणाली. कुठं पडलं, तर ते तिला सांगता येईना. ती गुडघ्यावरचा नसलेला चुरा झटकत राहिली.

"मागत होता," ती शेवटी म्हणाली. "दिलं."

"अगं, त्याच्याशिवाय तुला काही ऐकू येत नाही."

"आतून कण्हतो तो. भिंत एकच आहे आमच्यात." आईनं रिकाम्या कानाला हात लावला. "आता बरं आहे."

ताईनं वहीत लिहिलं: आईचं मशीन. पुढे दुसरं हा शब्द काही लिहवेना. ती उठून मालकांकडे गेली आणि म्हणाली, की घरातल्या वस्तू जातायत, आणि घरचीच माणसं देतायत, आणि तीच झाकतायत. हे थांबवायला हवं. मालकांचा चेहरा उजळला. ते म्हणाले, हेच तर रूपक! तुला कळलं, म्हणजे आता कुठल्याही प्रेक्षकाला कळेल. ती पुन्हा सांगायला गेली, पण तेवढ्यात दिवे लागले होते.

नवव्या दिवशी शेवटचा प्रसंग होता. समोर खुर्चीत आई, मागे न्हाणीघराचं बंद दार. आत दिवा ठेवलेला, त्यामुळे दाराखाली उजेडाची पट्टी, आणि पट्टीत बारक्याच्या दोन पावलांच्या सावल्या. बराच वेळ काही घडत नाही, मग आतून तीन टकटक. अर्धा शॉट सकाळी झाला, उरलेला जेवणानंतर. बारक्या आत गेला, कडी लावली. मालकांचा एक नियम होता: ते कट म्हणेपर्यंत कुणी शिंकायचंसुद्धा नाही.

कॅमेरा सुरू झाला. उजेडाची पट्टी दिसत होती. टकटक होईना. मालकांनी बोट वर केलं, की थांबा, अशी शांतता विकत मिळत नाही. कॅमेरावाल्यानं श्वास रोखला. आई दाराकडे पाठ करून स्वस्थ बसली होती.

ताईनं हातातला सकाळचा फोटो पाहिला. दोन पावलं, मध्ये वीतभर उजेड. मग दाराखाली पाहिलं. तिथे एकच सावली होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"कट," ताई म्हणाली.

अकरा वर्षांत हा शब्द मालकांखेरीज कुणी उच्चारला नव्हता. त्यांनी सावकाश मान वळवली.

"जुळत नाही," ती म्हणाली.

"चालतंय गं, अंधारात कोण बघतंय?"

"पाय नाहीत, मालक. तो आडवा पडलाय."

कॅमेरावाल्यानं कॅमेऱ्याच्या तिकाटण्यानं दार फोडलं. बारक्या फरशीवर पडला होता, सुई दंडातच होती, ओठ जांभळे. मालकांना ते ओठ क्षणभर रंगवलेलेच वाटले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय घेतो, किती दिवसांपासून. पोरानं उपाशीपोटी दिव्यांच्या उष्णतेत काम केलं, असं मालक सांगू लागले. डॉक्टरीणबाईंचे हलते ओठ बघून आईला प्रश्न आपोआप कळला असावा. ऐकू न येणारी माणसं बोलतात तशी ती मोठ्यानं म्हणाली, "पोटाचं आहे त्याला." रांगेतल्या सगळ्यांनी वळून पाहिलं.

ताईनं वही उघडली आणि वाचलं. घड्याळ, चौथा दिवस. इस्त्री, सहावा. चौकट, सातवा. आईचं मशीन. मग वही मिटून म्हणाली, "माझा भाऊ सुईनं नशा करतो. दीड वर्ष झालं. मी झाकत आले."

डॉक्टरीणबाईंनी मान वर न करता लिहून घेतलं. त्या म्हणाल्या, या वेळी वाचला. त्याला आत, व्यसनमुक्तीच्या विभागात ठेवावं लागेल, दार बाहेरून बंद असतं, सही कोण करणार? ताईनं सही केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारक्याला नीट जाग आली. खोली स्वच्छ होती, पलंग, खुर्ची आणि वर एक झरोका. त्यानं हाक मारली ती अगदी लहानपणच्या आवाजात.

"ताई, घरी चल ना."

"नाही."

"एकदाच गं. मग मीच येईन इथं. आपल्या पायांनी."

"नाही," ताई म्हणाली.

तो रागावला नाही. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर एक समजूतदारपणा पसरला. नऊ दिवसांत हा भाव मालकांना कॅमेऱ्यात सापडला नव्हता.

"बरं," तो म्हणाला. "मग आईला पाठव आत."

ताई दार ओढून बाहेर आली. आई बाकावरून उठून उभीच होती, पिशवीची मूठ घट्ट धरून. ताईनं तिचा दंड धरला. आई सोडवून घेऊ लागली. म्हातारीच्या अंगात एवढं बळ असेल असं वाटलं नव्हतं. ताईनं दुसरा हातही लावला.