किमेलीचा वर गेलेला हात

एल्डोरेटच्या बाजारात झाडाखाली रोज दुपारी रिकामटेकड्यांची संसद भरायची, हात वर करून मतं पडायची. सोमालियातल्या अतिरेक्यांशी लढायला गेलेली केनियाची फौज तिथंच ठेवायची का माघारी आणायची, यावर म्हातारा किमेली नेहमी गरजायचा, "ठेवा! मुळासकट उपटा त्यांना!"

आज मात्र त्याचं बूड एका जागी टेकेना. सकाळीच त्याच्या फौजेतल्या पोराला तिकडं जायचा हुकूम आला होता, अन् ते बाजारभर झालं होतं.

"काय म्हातारबा, आज दातखीळ बसली का?" शेजारी बसलेल्या वाफुलानं डिवचलं.

"माघारी आणा," म्हणत किमेलीनं हात वर केला.

सगळे फिदीफिदी हसले. कोळसेवाली जेबेट तेवढी हसली नाही. तिचा पोरगा तिकडंच मेला होता.

"माझ्या पोराच्या वेळी का नाही सुचलं, बाबा?"

किमेलीनं हात खाली घेतला नाही, पण तिच्याकडं त्याला बघवेना.