चार सेंटिमीटरची फट

मित्रांनो, मी बिरालाँग गावच्या अँब्युलन्समधला स्ट्रेचर. वय एकोणीस वर्षं, वजन छत्तीस किलो. ॲल्युमिनियमचे दांडे, चार चाकं आणि खाली एक आकडा. गाडीतल्या कुलपात तो आकडा अडकला की मी जागचा हलत नाही. बाळंतिणी, घोड्यावरून पडलेले, दारू पिऊन लोळणारे, सगळ्यांना मी वाहिलं. कौतुक गाडीचं व्हायचं. मला नुसतं धुवायचे.

त्या जानेवारीत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यात, डोंगरावरून वणवा उतरला. निलगिरीची झाडं जळत नव्हती, फुटत होती. अशीच फुटून उडालेली एक फांदी मेंढ्या सोडवणाऱ्या म्हाताऱ्या क्लॅरीच्या पाठीत बसली. आमची स्वयंसेविका नोरीन हिने त्याला माझ्यावर करकचून बांधलं.

"मान हलवलीस तर मीच मारीन तुला!"

"मेलेल्याला काय मारतेस, बये?"

तेवढ्यात आमच्या गाडीचे टायर पेटले, काचा फुटल्या. नोरीन मला ढकलत माळावर धावली. समोरून धुरातून नदीपलीकडच्या राज्याची अँब्युलन्स आली, चालक झेराफा. दोघांनी मला आत लोटलं, पण खटका वाजला नाही. त्यांच्या गाडीचं माप वेगळं; माझा आकडा त्यांच्या कुलपाच्या चार सेंटिमीटर अलीकडेच राहिला. दोन्ही काठांची माणसं दर वर्षी एकत्र सराव करत, रेडिओ जुळवत, सॉसेज भाजत. मला त्यांच्या गाडीत चढवून मात्र कुणीच पाहिलं नव्हतं.

क्लॅरीला माझ्यावरून उचललं असतं, तर त्याचा मोडका कणा सरकून पाय कायमचे गेले असते.

"तू चालव," नोरीन म्हणाली. "कुलूप मी होते."

पुढच्या भिंतीला पाठ लावून तिने दोन्ही पाय माझ्या दांड्यावर रोवले. दोन्ही बाजूंना आग होती. गाडीचा रंग फुगून तडतडत होता.

"झेराफा, माणसं नेतोयस की मेंढ्या?" क्लॅरी शिव्या देत ओरडला.

"माणसंच! मेंढ्या शिव्या देत नाहीत!"

तेवढ्यात पेटता बुंधा रस्त्यावर कोसळला. झेराफाने कचकन ब्रेक मारला. मी आणि क्लॅरी मिळून एकशे एकोणतीस किलो पुढे झेपावलो. नोरीनच्या डाव्या नडगीचं हाड कडकन मोडलं. ती किंचाळली, पण तिने पाय काढले नाहीत. झेराफाने गाडी मागे घेतली, शेतातून उसळवत काढली. प्रत्येक धक्क्याला मी त्याच मोडक्या पायावर आदळत होतो.

इस्पितळात डॉक्टरांनी क्लॅरीच्या पायाच्या अंगठ्याला टाचणी टोचली. त्याने सणसणीत शिवी हासडली. शेजारच्या खाटेवर नोरीन रडता रडता हसली. ती आजही लंगडते.

मित्रांनो, नदीपलीकडून धावून येणाऱ्यांची माया कमी नव्हती. पण सगळं शांत असताना एकमेकांची कुलपं लावून पाहत जा. नाहीतर उरलेली फट कुणाला तरी स्वतःच्या हाडांनी भरावी लागते.