टाकीतली चार बोटं

झऱ्याखालच्या टाकीतलं पाणी रोज संध्याकाळपर्यंत चार बोटं उतरायचं आणि सकाळी पुन्हा जागेवर यायचं. निवृत्त पोस्टमन हे खाचा पाडलेल्या काठीनं मोजत. झाडं आणि पाणी राखायची समिती त्यांच्याच हातात होती, आणि आकड्याबाबत ते कुणाचंच ऐकत नसत.

दिवसा टाकीवर एकटी लाँड्रीवालीच काम करी. दवाखान्याच्या चादरी ती तिथे धुई. संशयाला आणखी काय लागतं?

"रविवारच्या सभेत टाकीवरचं धुणं बंद करायचा ठराव आहे," पोस्टमननी तिला सांगितलं.

"मग दवाखाना चादरी शहरात पाठवेल, भाऊ. माझ्या घरात दुसरी कमाई नाही."

"तोवर झाकणाला कुलूप लावतो. पाणी उतरायचं थांबलं, तर समजायचं काय ते समजू."

कुलूप लागलं. लाँड्रीवाली हातगाडी ढकलत लांबच्या ओढ्यावर जाऊ लागली. पाणी तरीही चार बोटं उतरलं.

"दुसरी किल्ली केली असणार," टाकी बांधणारा गवंडी म्हणाला. "ती दिसते तेवढी साधी नाही."

"टाकीच गळत असेल तर?" पोस्टमननी विचारलं.

"माझं काम गळत नाही. आणि भोक रात्री झोपतं का? रात्री पाणी वाढतंय की."

गुरुवारी पोस्टमन खुर्ची घेऊन टाकीशी बसले. थोड्या वेळानं लाँड्रीवाली आली आणि समोरच्या दगडावर बसली.

"तुम्ही कशाला?" पोस्टमननी विचारलं.

"तुम्हाला मी दिसत राहावं म्हणून. नाहीतर म्हणाल, मागच्या बाजूनं आली."

दुपारभर दोघं एकमेकांवर नजर ठेवून बसली. कुणी टाकीला हात लावला नाही. संध्याकाळी काठी सांगत होती, चार बोटं.

शुक्रवारी दिवसभर आभाळ दाटून होतं, पाऊस मात्र नाही. दोघं पुन्हा बसली. त्या दिवशी पाणी जेमतेम एक बोट उतरलं. पोस्टमननी तीनदा मोजलं.

"काल होतं आणि आज नव्हतं, असं काय?" त्यांनी स्वतःलाच विचारलं.

"ऊन," लाँड्रीवाली म्हणाली. "उन्हात माझ्या चादरी वाळतात, तसंच काहीतरी. पण टाकीवर तर झाकण आहे."

पोस्टमननी मान वर केली. टाकीभोवती आठ झाडं दाटीनं उभी होती, पाच वर्षांत घराएवढी झालेली. लावताना प्रत्येक घराला आपलं रोप झऱ्याजवळच हवं होतं. बादल्या वाहायला नकोत म्हणून. नर्सरीतून भराभर वाढणारी जातही पोस्टमननीच निवडली होती, समितीच्या दरवर्षीच्या फोटोत हिरवळ दिसावी म्हणून. वर टेकडी तशीच बोडकी राहिली होती.

पहिलं झाड त्यांचं होतं. बायकोनं लावलेलं, ती गेली त्याच्या आदल्या वर्षी.

रविवारी त्यांनी सभेत सगळं सांगितलं: उन्हात झाडं झऱ्याचं पाणी मुळांनी ओढतात, रात्री थांबतात, म्हणून एक झाड तोडून बघू. लोक ऐकून घेत होते, पण तोंडं वाकडी करून.

"झाडं पाणी पितात, हे आज कळलं?" मागून कुणीतरी म्हणालं. "दोन दिवस समोरासमोर बसले होते. बाईनं यांना काय पाजलं कोण जाणे."

"झाडं लावायची समिती आणि झाडंच तोडायची," गवंडी म्हणाला.

"दुसऱ्याचं नाही," पोस्टमन म्हणाले. "माझं तोडतो. रोपं पुन्हा लावू, पण वर टेकडीवर. बादल्या वाहाव्या लागतील."

सोमवारी सकाळी त्यांनी स्वतः करवत चालवली. लाँड्रीवाली फांद्या ओढत होती.

मंगळवारी लख्ख ऊन होतं. संध्याकाळी काठी गवंड्यानं धरली. पोस्टमनच्या हातात ती द्यायला आता कुणी तयार नव्हतं. त्यानं ओली खूण बघितली, काठी पुसली, पुन्हा बुडवली.

"साडेतीन," तो म्हणाला. "उद्या परत बघू."

"आणि कुलूप?" लाँड्रीवालीनं विचारलं.

गवंड्यानं पोस्टमनकडून किल्ली मागून घेतली आणि कुलूप काढलं. किल्ली मात्र स्वतःच्या खिशात टाकली.

"धुवा चादरी," तो म्हणाला. "पण मी इथंच बसणार आहे."

"बसा," ती म्हणाली. "पण उरलेल्या झाडांकडे तोंड करून बसा."