जडजंबाल गाऱ्हाणं

जडजंबाल हा शब्द माझ्या फार आवडीचा होता. १९१७ साली मराठी फायनल पास होऊन मी आमच्याच बेळगुंदीच्या शाळेत मास्तर झालो होतो, आणि पोरांच्या निबंधांवर लाल शाईने 'भाषा जडजंबाल' असा शेरा मारताना मला मोठा आनंद व्हायचा. कुणी विचारलंच तर अर्थही सांगायचो: उगाच मोठमोठे शब्द घालून भारी केलेलं बोलणं. हा रोग दुसऱ्यांना होतो, अशी माझी पक्की समजूत होती.

आमच्या गावात पेरणीआधी रवळनाथापुढे गाऱ्हाणं घालतात. एकाने गावाच्या वतीने देवाकडे एकेक मागणं मागायचं आणि प्रत्येक मागण्याला सगळ्यांनी मिळून 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. गाव 'व्हय' म्हणालं नाही, तर ते मागणं देवापर्यंत पोचत नाही. गाऱ्हाणं नेहमी म्हातारे नागोजीआप्पा घालायचे. त्या वर्षी नेमका त्यांचा घसा बसला.

"आपलं परशराम मास्तर घालतील की," कुणीतरी म्हणालं. खरं सांगायचं तर मी त्याचीच वाट बघत होतो.

देवळाकडे निघताना मालूवैनीने मला दारात गाठलं. तिचा नवरा, म्हणजे माझा थोरला भाऊ जोतिबा, पलटणीबरोबर बसऱ्याच्या लढाईवर गेला होता. चार महिने त्याचं पत्र नव्हतं.

"ह्यास्नी इसरू नगासा, भावजी," एवढंच ती म्हणाली.

देवापुढे उभं राहून मी खणखणीत सुरुवात केली. "हे चराचरव्यापी जगन्नियंत्या! तव कृपाकटाक्षाने ही वसुंधरा सस्यश्यामला होवो!"

गाव गप्प. 'व्हय' कुठे म्हणायचं तेच कुणाला कळेना. भावकू पाटलाने अंदाजाने एकदा म्हटलं, पण तेव्हा मी फक्त श्वास घ्यायला थांबलो होतो. बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मी मात्र रंगात आलो होतो.

"रणयज्ञी देह वाहिलेल्या नरशार्दूलांचा पराक्रम दिगंतात दुमदुमो!"

"थांबा, भावजी." मालूवैनी उठून उभी राहिली होती. गाऱ्हाण्याच्या मध्ये बाईमाणसाने बोलायची रीत नव्हती. "आमच्या मानसाचं मागून झालं?"

"झालं की. आत्ताच."

"कवा? गाव व्हय कुठं म्हणालं?"

हसणं थांबलं. नागोजीआप्पा बसक्या आवाजात खेकसले, "परशा, दादाचं नाव घे रं. सरळ माग."

मी पुन्हा देवाकडे वळलो. चार महिने आमच्या घरात कुणीच दादाविषयी बोलत नव्हतं. मला भीती वाटत होती. नरशार्दूल आणि दिगंत म्हणताना ती वाटत नव्हती, म्हणून तर मी ते शब्द जवळ केले होते. लोकांना दिपवायचं होतं हे खरंच, पण त्याहून जास्त मला लपायचं होतं.

"देवा म्हाराजा," मी म्हणालो, आणि माझा आवाज मलाच ओळखू येईना. "माझा दादा जोतिबा बसऱ्याला लढाईत हाय. चार म्हयनं झालं, पत्तर न्हाय. त्येला जित्ता घरी आण."

जित्ता हा शब्द तोवर कुणी तोंडातून काढला नव्हता. सगळे खाली बघायला लागले. वैनीकडे बघायची माझी छाती झाली नाही.

"व्हय म्हाराजा!"

तो वैनीचा आवाज होता, चांगला मोठा. मग नागोजीआप्पा ओरडले, घशाची पर्वा न करता. मग अख्खं गाव.