पहिलं पाणी

आई गेल्यानंतर अठराव्या दिवशी चर्चमधले वेदीचे रुमाल गुलाबी झाले.

यात चमत्कार काही नव्हता. अध्यक्षबाईंच्या नव्या वॉशिंग मशीनच्या पोटात त्यांच्या यजमानांचा एक लाल मोजा आधीपासून दबा धरून बसला होता. आमच्या उपासनेत गुलाबी रंग वर्षातून दोनच रविवारी चालतो, आणि त्यातला एकही जवळपास नव्हता. त्यात धर्मग्रामाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या वस्तीच्या, सुवर्णमहोत्सवाला बिशप यायला तेरा दिवस उरलेले.

अध्यक्षबाई म्हणजे आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. त्याआधी त्या मुख्याध्यापिका होत्या आणि मी त्यांच्या शाळेत होते. त्यामुळे मी त्यांना अजून 'बाई' म्हणते आणि त्या मला अजून सातवीत समजतात. सोमवारी सकाळी त्या आमच्या स्वयंपाकघरात आल्या. सोबत ऑर्गनवाली होती. ती चर्चमध्ये ऑर्गन वाजवते आणि एरवी बाईंच्या वाक्यांना साथ देते.

बाईंनी रुमालांची पिशवी टेबलावर ठेवली. "रंगाचं काही नाही गं, रंग तू काढशील. पाण्याचं सांग."

"कुठलं पाणी?"

"पहिलं पाणी." त्यांचा आवाज खाली आला. "मशीनमधलं पाणी... जातं कुठे?"

"गटारात," ऑर्गनवाली म्हणाली. साथ देताना ती कधीकधी पुढे निघून जाते.

मिस्सेनंतर, म्हणजे उपासनेनंतर, प्याला ज्या रुमालाने पुसतात आणि ज्या चौकोनी कापडावर पवित्र भाकर ठेवतात, त्यांत प्रभूचा एखादा कण, एखादा थेंब राहिलेला असू शकतो. म्हणून ती कापडं आधी नुसत्या पाण्यात भिजवायची आणि ते पहिलं पाणी मातीत ओतायचं, असा नियम आहे. चर्चमध्ये त्यासाठी एक वेगळं कुंड होतं, थेट जमिनीत उतरणारं. एकतीस वर्षांपूर्वीच्या नूतनीकरणात बाईंच्याच समितीने ते बुजवलं आणि त्या जागी थंड पाण्याचं यंत्र बसवलं. प्रभूची सोय आईकडे गेली.

"मग मी काय केलं," बाई म्हणाल्या, "मोरीच्या जाळीवर अर्धी बाटली पवित्र पाणी ओतलं."

"म्हणजे मागोमाग पाठवलंत. गाठलं असेल त्याने प्रभूला एव्हाना."

बाईंनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला माझा शाळेतला बाक आठवला.

"तुझी आई संत होती," त्या म्हणाल्या. आई असताना हे कुणी म्हटलं असतं तर तिने पातेली आणखी जोरात आपटली असती. "ते पाणी ती कुठे ओतायची?"

मी मागचं दार उघडलं. पायऱ्यांच्या बाजूला, भिंत आणि वाळत घालायच्या दोऱ्या यांच्या मधे, कागदी लिंबाचं झाड आहे. तेव्हा ते फुलावर होतं. आईने ते लावलं त्या वर्षी माझे दुधाचे दात पडत होते. दोघी पायरीवर उभ्या राहून झाडाकडे बघायला लागल्या. एवढा वेळ त्यांनी आजारपणात आईकडेही बघितलं नव्हतं.

"एकतीस वर्षं!" बाई म्हणाल्या. "एकतीस वर्षं प्रभूचं रक्त या मुळांशी!"

"आणि तांदूळ धुतलेलं पाणी," मी म्हटलं. "आणि चहाचा चोथा."

ते कुणी ऐकलं नाही.

* * *

आईने एकतीस वर्षं रुमाल धुतले, असं सगळं धर्मग्राम मानतं. खरा हिशेब एकोणतीस वर्षांचा आहे. शेवटची दोन वर्षं ते मी धुतले.

आईची बोटं आधी सकाळी आखडायची, मग दिवसभर. एक दिवस पिळता पिळता रुमाल तिच्या हातून निसटला आणि ती नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "ये इकडे. आणि बाहेर बोलू नकोस. मंडळाला कळलं तर उद्या रुमाल नेतील आणि परवा मला फुलांचा गुच्छ देतील."

तेव्हापासून ती खुर्ची टाकून बसायची आणि हुकूम सोडायची. "पिळू नकोस गं, दाब. रुमाल आहे तो, शेजारीण नाही." प्याल्यावरून आलेले लिपस्टिकचे डाग ती ओळखायची. विटकरी म्हणजे अध्यक्षबाई. जांभळा म्हणजे ऑर्गनवाली. विटकरी डाग दोन रविवार दिसला नाही तर म्हणायची, "बाईंचं यजमानांशी वाजलंय. रागात त्या प्याल्याला येत नाहीत." डागावर लिंबू घासायचं, आणि पहिलं पाणी लिंबालाच घालायचं. तिचं धर्मशास्त्र एवढं आटोपशीर होतं. वाऱ्याच्या दिवशी म्हणायची, "देवावर भरवसा ठेव, पण चिमटे दोन लाव."

मी मुद्रितं तपासते; दुसऱ्यांच्या चुका काढणं हे माझं पोट भरायचं साधन आहे. अकरा वर्षांत मी पापनिवेदन केलेलं नाही. आईला ते माहीत होतं. "विश्वास नाही ना तुझा? बरंय," ती एकदा म्हणाली. "म्हणजे नीट धुशील. विश्वासवाल्या फार घाई करतात. देव समजून घेईल म्हणतात."

दर वर्षी सणाच्या मिस्सेला फादर व्यासपीठावरून रुमालांसाठी आभार मानायचे. ती दोन वर्षं आई तेव्हा मान खाली घालून बसायची. लोकांना ती नम्रता वाटली. मी शेवटच्या बाकावर असायचे, तिला घरी न्यायला आलेली, आणि मला तिचे लाल झालेले कान दिसायचे.

अंत्यविधीच्या वेळी फादरांनी ते चौकोनी कापड हातात धरून सगळ्यांना दाखवलं. म्हणाले, "हे शुभ्र कापड या घरातल्या हातांनी धुतलेलं आहे." वाक्य मला सैल वाटलं. शवपेटीजवळ उभी राहूनही मी ते मनात दुरुस्त केलं: 'घरातल्या' नको, नुसतं 'या हातांनी'. सवय जात नाही माणसाची.

* * *

गुलाबी रंग निघायला तीन दिवस लागले. हे शेवटचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. रुमाल परत करायचे, आभार ऐकून घ्यायचे आणि सुटायचं.

गुरुवारी संध्याकाळी बाई पुन्हा आल्या. या वेळी ठराव घेऊन.

"मंडळाने एकमताने ठरवलंय. बिशपांच्या हस्ते चर्चच्या दारासमोर तुझ्या आईचं झाड लावायचं. खाली संगमरवरी पाटी. 'विश्वास आणि त्याग'."

"नवीन रोप?"

"अगं, नवीन कशाला? हेच."

"बाई, हे पस्तीस वर्षांचं झाड आहे. खणलं तर मरेल."

"देवावर विश्वास ठेव."

"देवाने त्याला मुळं दिली आहेत."

बाई खुर्चीवर बसल्या. आईच्या. "हे बघ पोरी, त्याग म्हणजे काय? जे प्रिय आहे ते देणं."

"कुणाला प्रिय आहे ते?"

"तुला."

"आणि देणार कोण?"

"तूच की." त्यांना प्रश्नाची गंमत कळली नाही. ज्या बाईने प्रायश्चित्तकाळात साखर सोडून चाळीस दिवस मध खाल्ला, तिला त्यागाचं गणित विचारण्यात अर्थ नव्हता. "तुझी आई असती तर हसत दिलं असतं."

आई असती तर तिने बाईंना विळा दाखवला असता. पण मेलेल्या माणसाची ही मोठी सोय असते: त्याच्या नावावर कुणीही दानशूर होतं.

त्या गेल्यावर मी पायरीवर बसले. घरात आईच्या वस्तू होत्या, पण त्यातली श्वास घेणारी ही एकच. ते वाचवायला एक वाक्य पुरेसं होतं: बाई, हे संतबाईचं झाड नाही, दोन वर्षं याला एका नास्तिक बाईने पाणी घातलंय. मंडळ पाटी गुंडाळून पळालं असतं. पण त्याच वाक्याने रविवारपर्यंत साऱ्या धर्मग्रामाला कळलं असतं, की आई दोन वर्षं दुसरीच्या कामाचे आभार घेत मान खाली घालून बसली होती. तिने मागितलेलं एकच होतं: बाहेर बोलू नकोस.

झाड ठेवायचं तर आईचा शब्द मोडायचा. शब्द ठेवायचा तर झाड द्यायचं. दोन्हीकडे आईच होती, म्हणून पंचाईत.

* * *

शनिवारी सकाळी सगळे आले. बाई, ऑर्गनवाली, फावडं घेतलेला माळी, आणि उपटण्याआधी आशीर्वाद द्यायला फादर.

माळ्याने झाडाभोवती एक फेरी मारली. "बाई, हे जगायचं नाही."

"श्रद्धा ठेवा हो."

"ठेवली. पण सोटमूळ भिंतीखाली गेलंय. तुटणार ते."

"किती शंका काढता! पेत्र पाण्यावर चालला तो शंका काढत चालला का?"

"बुडाला ना पण तो," ऑर्गनवाली म्हणाली, आणि जीभ चावली.

माळ्याने पहिलं फावडं मारलं. माती फार मऊ होती. एकतीस वर्षं भिजलेली. फुलं गळून त्याच्या खांद्यावर पडली. माझ्या तोंडून निघालं, "थांबा. बाई, या झाडाला गेली दोन वर्षं..."

"मला जरा पाणी देशील का?" फादर मधेच म्हणाले. "आत. उन्हाने डोकं फिरलंय." ऊन अजून भिंतीवरही चढलं नव्हतं.

स्वयंपाकघरात इस्त्री केलेल्या रुमालांची चळत होती. फादरांनी पाण्याला हात लावला नाही. वरचं चौकोनी कापड उचललं. त्याच्या घड्या ठरलेल्या असतात: उभ्या तीन, आडव्या तीन, सगळ्या आत वळलेल्या, कण बाहेर सांडू नये म्हणून. त्यांनी ते टेबलावर उघडलं, रोज वेदीवर उघडतात तसं.

"तुझी आई डावरी होती," ते म्हणाले.

"हो."

"इथे आल्यापासून सात वर्षं मी हे उलट्या बाजूने उघडत होतो. रोज सकाळी पहिली घडी चुकायची. बिचारीला सांगणार कसं? मग दोन वर्षांपूर्वी एका मंगळवारी ते एकदम सरळ उघडलं. मला वाटलं, मीच शहाणा झालो." त्यांनी कापडावरून हात फिरवला. "दुसऱ्या दिवशी पुन्हा सरळ. तेव्हा कळलं, शहाणपण माझं नव्हतं."

मी घडीच्या रेघांकडे बघितलं. "तुम्हाला माहीत होतं. आणि अंत्यविधीला सगळ्यांसमोर खोटं बोललात?"

"काय बोललो? आठव."

या घरातल्या हातांनी. मी दुरुस्त केलेलं वाक्य. आयुष्यात पहिल्यांदा मी बरोबर मजकुरात चूक घातली होती.

"तिला बोललात कधी?"

"काय बोलायचं? ती तुझी घडी माझ्या हातात देताना इतकी ऐटीत असायची. तिला वाटायचं मला कळत नाही. मला वाटलं, प्रभू ज्या वाटेने माणसाला..."

"फादर, प्रवचन नको."

"माफ कर. सवय." त्यांनी कापड पुन्हा घडी करायचा प्रयत्न केला आणि ते बिघडवून माझ्याकडे दिलं. "बाहेर काय सांगायचं ते तू ठरव. खरं सांगितलंस तर मी बाजूला उभा राहीन. नाही सांगितलंस तर झाडाला आशीर्वाद देईन. माझी दोन्हीची तयारी आहे. झाडाची नाही."

मी कापडाची घडी घातली. उभ्या तीन, आडव्या तीन. हात आपोआप चालत होते. आईने खुर्चीवरून चालवलेले हात. घडी पुरी झाली तेव्हा मला काय करायचं ते कळलं होतं, आणि ते मला मुळीच आवडलं नव्हतं.

मी बाहेर गेले. "बाई, खणा. हरकत नाही. फक्त एक सांगा. यापुढे पहिलं पाणी कुठे ओतायचं?"

"चर्चसमोर. झाडाला."

"झाड मेल्यावर?"

बाई फावड्याकडे बघायला लागल्या.

"चर्चमधलं कुंड तर बुजवलंय. बिशप विचारतील की, आता रुमाल कोण धुतं आणि पाणी कुठे जातं. मी सांगेन, मधल्या काळात ते एकदा बाईंच्या मोरीतून..."

"अगं!" बाई म्हणाल्या.

"पण मीच धुवायला घेतले, आईसारखे, इथे, तर पाणी या मातीत जाईल. तेव्हा झाड इथेच हवं."

"किती वर्षं धुशील?" बाईंमधली मुख्याध्यापिका जागी झाली.

मी झाडाकडे बघितलं. लिंबू चांगलं पन्नास वर्षं टिकतं म्हणतात. "झाड आहे तोवर."

माळ्याने न विचारताच माती परत लोटली आणि पायाने दाबली. फादरांनी झाडाला आशीर्वाद दिला, बराच लांबलचक. बाईंनी डोळे पुसले आणि ऑर्गनवालीला म्हणाल्या, "बघितलंस? पोरीला श्रद्धा सापडली."

"सापडली," ऑर्गनवालीने साथ दिली.

मला फक्त बिनपगारी नोकरी सापडली होती. पण ते सांगितलं असतं तर त्याचीही पाटी केली असती त्यांनी.

* * *

महोत्सवाच्या रविवारी मी शेवटच्या बाकावर बसले. रुमाल नीट आलेत का ते बघायला गेले होते, दुसरं काही नाही. बाईंनी मागे वळून मला बघितलं आणि पुढच्या रांगेला कोपराने खुणावलं.

बिशपांनी वेदीवरचं कापड हातात घेतलं. ते मी आदल्या दुपारी आरशासमोर बसून, चार वेळा मोडून, आईसारखं डाव्या हाताने घडी केलं होतं. त्यांनी पहिली घडी धरली, ती भलतीकडेच उलगडली. बिशप थबकले. कापड फिरवलं, पुन्हा चुकले. पुढच्या बाकांवर कुणीतरी खाकरलं.

त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या फादरांनी हात पुढे करून ते उलट्या बाजूने, सरावाने, एका झटक्यात उघडलं. मग मान खाली घातली. आजूबाजूच्यांना ती नम्रता वाटली असेल.