पाचवी कवळी

“पाचही जणांच्या? एकाच टबात?” मेट्रनबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

“हो बाई,” मी तिसऱ्यांदा सांगितलं.

समोर टेबलावर टॉवेल अंथरून मी पाच कवळ्या ओळीनं मांडल्या होत्या. पाचही वरच्या जबड्याच्या. खालची कवळी आमच्या वृद्धाश्रमात कुणीच वापरत नाही, ती बोलताना उडते आणि मग मलाच पलंगाखाली शिरावं लागतं. पाचही स्वच्छ धुतलेल्या होत्या आणि कुठली कुणाची हे मला सांगता येत नव्हतं.

नियम असा की ज्याची कवळी त्याच्या ग्लासात, ग्लासावर नावाची पट्टी, प्रत्येक ग्लासात धुण्याची एक गोळी. पण गोळ्यांचा डबा वीस तारखेलाच तळ गाठतो. म्हणून गेले तीन महिने मी सकाळी आल्या आल्या एका टबात एकच गोळी टाकून पाचही कवळ्या त्यात ठेवत होते. ग्लास ज्या क्रमानं तोच क्रम टबात, डावीकडून उजवीकडे. एकदाही चुकलं नव्हतं. बावीस वर्षांच्या नोकरीत माणूस अशा चार युक्त्या शिकतो. पकडलं जाईपर्यंत त्यांना युक्ती म्हणतात, नंतर हलगर्जीपणा.

आज सव्वासहाला खिडकीवाल्या आजींची घंटा वाजली. सहा वर्षांत त्या बाईंनी घंटेला हात लावला नव्हता. मी गर्रकन वळले, कोपर लागलं आणि टब बेसिनमध्ये उपडा झाला. तसाच टाकून धावले. आजींनी माझा हात धरला, दोन श्वास घेतले आणि संपलं. डॉक्टर येऊन सही करून गेले. परगावाहून मुलगा निघाला होता, दहापर्यंत पोचणार होता.

“जबडा आवळायच्या आत दात बसवून टाका,” मेट्रनबाई म्हणाल्या. “डॉक्टर म्हणाले, फार तर तास-दीड तास. नंतर तोंड उघडणार नाही.”

“कुठले बसवू?”

“बसतील ते. कोण बघायला बसलंय, मावशी?” आणि त्या फोन करायला गेल्या.

खरं सांगते, मलाही तसंच करावंसं वाटलं. गुडघे ठणकत होते, बदलीची बाई आली नव्हती आणि अकरा पलंगांच्या चादरी तशाच होत्या. पण आजींच्या उघड्या तोंडाकडे बघितलं आणि मन होईना. बाई सहा वर्षं दुसऱ्याच्या पलंगावर झोपली, दुसऱ्यांनी ठरवलेल्या वेळेला जेवली. निदान जाताना तोंडात दात तरी तिचे स्वतःचे असू देत.

बाकीच्या चौघांपैकी ज्यांना नीट दिसतं त्या तिघांना विचारलं. तिघांनीही सगळ्यात पांढऱ्या कवळीवर बोट ठेवलं. माणूस ऐंशीचा झाला तरी हाव सुटत नाही. तोंडात घालून बघा म्हटलं तर कलेक्टरबाई कडाडल्या. त्या कलेक्टर वगैरे नव्हत्या, शाळेच्या वसतिगृहावर होत्या, पण हुकूम सोडायची सवय गेलेली नाही.

“मी कुणाचे उष्टे दात तोंडात घालू? आणि त्यात गेलेल्या बाईचे निघाले तर?”

झालं. हे ऐकल्यावर कुणी तोंड उघडेना.

तेवढ्यात पुरुषांच्या खोलीतून मास्तरांनी हाक मारली. मास्तर गणित शिकवायचे. अर्धांगाच्या झटक्यानं त्यांची डावी बाजू गेली, डोळ्यांत मोतीबिंदू आला, पण आठवड्याच्या पुरवणीतलं चौकटीचं कोडं सोडवायचा नाद सुटत नाही. पाच माणसं, पाच घरं, पाच धंदे, कोण कुठं राहतो ते खुणांवरून शोधायचं. त्यांना दिसत नाही म्हणून वाचायची मी आणि फुल्या मारायचीही मीच. डोकं तेवढं त्यांचं.

“मावशी, कागद आण,” तोंडावर हात धरून ते म्हणाले. दात नसताना ते कुणासमोर हात काढत नाहीत.

“मास्तर, ही कोडी सोडवायची वेळ आहे का?”

“मग कधी सोडवायची? उभी पाच माणसं लिही, आडव्या पाच कवळ्या. नंबर टाक. नक्की असेल तिथं बरोबरची खूण, नक्की नसेल तिथं फुली. अंदाजानं काही लिहायचं नाही.”

मी औषधांच्या तक्त्याच्या पाठीमागे चौकट आखली. टॉवेल गुंडाळून कवळ्या त्यांच्या पलंगावर आणल्या आणि एकेक उजेडात धरून वर्णन करू लागले. पहिलीच्या पुढच्या दाताला बारीक खाच. दुसरीला आतून तपकिरी डाग, कितीही घासले तरी न जाणारे. तिसरीच्या उजव्या दाढा झिजून सपाट. चौथीला मधोमध सांधा, कधीतरी मोडून जोडलेली. पाचवी कोरी, पांढरीशुभ्र.

“खाच कशानं पडते?”

“दोऱ्यानं,” मी लगेच म्हणाले. “टेलरआजी अजून दोरा दातानं तोडतात. हजारदा सांगितलं, कात्री घ्या म्हणून.”

“नक्की?”

“माझ्या पोलक्याचं बटण परवाच लावून दिलं. डोळ्यांनी पाहिलंय.”

पहिली टेलरआजींची. बाकीच्या चौघांच्या पहिल्या रकान्यात फुल्या आणि टेलरआजींच्या ओळीत उरलेल्या चार ठिकाणी फुल्या. एका खुणेनं आठ घरं भरली. मला जरा हुरूप आला आणि मी मास्तरांना न विचारता दुसरी कवळी ड्रायव्हरकाकांच्या नावावर टाकली. सिगरेटचा डाग, दुसरं काय! तीस वर्षं ट्रक चालवला त्या माणसानं, एका हातात चाक आणि दुसऱ्यात सिगरेट.

“आता सांधा. दुरुस्तीची नोंद असेल.”

वही काढली. दोन वर्षांपूर्वीची नोंद होती, माझ्याच अक्षरात: पुरुषांची खोली, कवळी एक, मोडली, जोडून आणली. नाव लिहायला मी विसरले होते.

“म्हणजे तुमची नाहीतर काकांची.”

“माझी मोडली असती तर मी चार दिवस कुणाशी बोललो नसतो. ते तुला आठवलं असतं.”

ते खरं होतं. “मग चौथी काकांची,” मी म्हणाले आणि पेन तिथंच थांबलं. काकांच्या ओळीत दोन खुणा झाल्या होत्या.

“काय झालं?”

“मी डाग पण काकांनाच दिला होता.”

  मास्तरांनी विचारलं, “त्यानं सिगरेट कधी सोडली?”

“हार्ट अटॅक आला तेव्हा. पाच वर्षं झाली.”

“आणि दात कधी काढले?”

मी कपाळावर हात मारला. दात त्यानंतर काढले होते, इथंच, मीच रिक्षातून नेलं होतं. काकांच्या कवळीनं सिगरेट कधी पाहिलीच नव्हती. दुसरीवरची खूण खोडली आणि चौथी काकांना दिली. घड्याळात सव्वासात झाले होते. आजींच्या खोलीत एक चक्कर मारून आले. हनुवटीला हात लावला तर अजून हलत होती, पण मघाइतकी सैल नव्हती.

तिसरी सोपी होती. मास्तर डाव्या बाजूनं चावूच शकत नाहीत, सगळा भार उजवीवर. “ही तुमची,” म्हणत मी ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवून बसवली, मग माझ्याकडे वळले आणि तोंडावरचा हात काढला.

“उरल्या दोन,” ते स्पष्ट शब्दांत म्हणाले. “आणि दोन बायका.”

डागाळलेली आणि कोरी. कलेक्टरबाई आणि खिडकीवाल्या आजी. मी बायकांच्या खोलीत जाऊन पुन्हा विचारलं.

“पांढरी माझी,” कलेक्टरबाई म्हणाल्या. “जावयानं परवाच नवी करून दिली.”

“कधी? मला कसं माहीत नाही?”

“सगळं तुला सांगून करायचं का?”

परत मास्तरांकडे. नुसते हेलपाटे.

“त्यांचं म्हणणं बाजूला ठेव,” मास्तर म्हणाले. “समज पांढरी कलेक्टरबाईंची. मग डागाची कुणाची?”

“खिडकीवाल्या आजींची.”

“डाग कशाचा? सिगरेटचा नाही ना?”

“चहाचा असेल. कोरा चहा फार चढतो.”

“त्या बाई चहा घेत होत्या?”

“नाही,” मी म्हणाले. “त्यांचा कप रोज भरलेलाच असायचा.”

“नक्की? मग तो चहा जायचा कुठं?”

सहा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं ते या म्हाताऱ्यानं विचारलं. “मी पीत होते,” मी म्हणाले. “सहा वर्षं. पहाटे दोन बस बदलून येते मास्तर, उपाशीपोटी. त्या कप पुढं सारायच्या. मला नको, तू घे, म्हणायच्या.”

“ठीक. मग डाग त्यांचा नाही. तिथं फुली. म्हणजे पाचवी त्यांची. आता पडताळा घे. सहा वर्षं रोज जेवणाऱ्या बाईची कवळी कोरी कशी राहिली?”

मी विचार करू लागले. सकाळी ग्लास रिकामे करताना सगळ्यांच्या तळाशी काही ना काही सापडायचं, टोस्टचे कण, भाजीचा तंतू. खिडकीवाल्या आजींच्या ग्लासातलं पाणी नितळ असायचं. मला वाटायचं, काय टापटिपीची बाई आहे, आपलं काम वाचवते.

“त्यांचे गाल भरलेले असायचे की बसलेले?” मास्तरांनी विचारलं.

 रोज मी तो चेहरा ओल्या फडक्यानं पुसत होते. बसलेले. नेहमी बसलेलेच. वय झालं की बसतात, असं धरून चालले होते. आजी दात घालतच नव्हत्या. आल्या तेव्हा नवी कवळी घेऊन आल्या होत्या, मुलगा भेटायला येणार तेव्हा घालीन म्हणाल्या होत्या. ते मी एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडून दिलं होतं.

कागदाकडे बघितलं. टेलरआजींना दोरा होता, काकांना सिगरेट, मास्तरांना झटका, कलेक्टरबाईंना तोंडाचा पट्टा. खिडकीवाल्या आजींच्या ओळीत नुसत्या फुल्या होत्या. बाकीच्यांचं वाटून झाल्यावर जे राहिलं ते त्यांचं. मला स्वतःची फार लाज वाटली.

दुसरी कवळी मी कलेक्टरबाईंच्या हातावर ठेवली. त्यांनी ती मुकाट्यानं घातली. “करून देणार होता,” एवढंच म्हणाल्या. “जावई. देतो देतो म्हणाला.”

आजींचा जबडा आवळत आला होता. गरम पाण्याचं फडकं गालांवर धरलं, अंगठ्यानं हळूहळू चोळलं, लहान मुलाला औषध पाजताना करतात तसं तोंड उघडलं. कवळी आत गेली आणि टाळूला घट्ट बसली. ओठ मिटवले. गाल भरून आले, हनुवटी खाली आली, ओठांना कडा आली. मी दोन पावलं मागं सरले. पलंगावर एक देखणी, जराशी करारी बाई झोपली होती आणि मी तिला ओळखत नव्हते.

मुलगा पावणेदहाला आला. पन्नाशीचा, हातात प्रवासाची बॅग तशीच. दारात थबकला. मग जवळ जाऊन त्यानं चादरीवर हात ठेवला.

“अगदी तशीच आहे,” तो म्हणाला. “मला भीती वाटत होती, ओळखूच येणार नाही म्हणून.”

तो पलंगाशेजारी बसला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, “तुम्हीच बघायच्या ना तिला? काय खायची-प्यायची? काही मागायची का?”

“त्रास काही नव्हता,” मी म्हणाले. “दूध घ्यायच्या. चहा तेवढा नको असायचा.”

“चहा नको?” तो चक्क हसला. “आईला? सकाळचा चहा पाच मिनिटं उशिरा झाला तर घर डोक्यावर घ्यायची ती. तुम्ही दुसऱ्या कुणाचं सांगताय.”

  रोज सहाला मी धापा टाकत यायचे आणि ती बाई माझ्याकडे एकदा बघून कप पुढं सारायची. तू घे, गार होतोय. मी उभ्याउभ्या घोटात संपवायचे आणि पुढच्या पलंगाकडे जायचे.

गाडी आली, सह्या झाल्या, मुलगा बरोबर गेला. मी मास्तरांना सांगितलं, त्या चहाच्या फुलीमागचं कारण चुकलं होतं, आजींना चहा हवा असायचा. त्यांनी टोस्ट खाली ठेवला.

“उत्तर?”

“उत्तर बरोबर आलं.”

“अशा गणिताला मी मार्क देत नसे,” ते म्हणाले आणि थोड्या वेळानं, “तू बस जरा.”

बसायला सवड नव्हती. तीन वाजता त्या पलंगावर नवीन बाई येणार होत्या. चादर काढली, उशीचा अभ्रा काढला. गादीला मधोमध खळगा पडला होता, म्हणून ती उलटी करायला घेतली. गुडघ्याचा टेकू देऊन कशीबशी पालथी घातली, तर त्या बाजूलाही तेवढाच खळगा होता. मी त्यावरच स्वच्छ चादर ताणून बसवली.